पडद्यावरची पोलीसबाई : हाणामारी की तपास?

परीक्षा संपली की हॉस्टेलच्या एका रूममध्ये दहा-बारा जण एका लॅपटॉपभोवती जमतात आणि निम्म्या वेळा थ्रिलरच लागतो. अशा सिनेमात तपास करणारी अधिकारी बाई असेल, तर ती ‘कणखर’ आहे हे दिग्दर्शक नेमकं कशातून दाखवतो? चार नमुने घेऊन बघू. (पुढे शेवट फोडलेले आहेत. सिनेमे पाहिले नसतील तर आधी पाहून घ्या, मग ओरडू नका!)

१) हिरोच्या जागी हिरॉईन

किरण बेदी १९७२ मध्ये देशातल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी झाल्या. पुढे १९९० मध्ये तेलुगूत विजयाशांतीचा ‘कर्तव्यम्’ आला. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९९४ मध्ये एन. चंद्रांनी त्यावरून हिंदीत ‘तेजस्विनी’ काढला. तोवर व्हिलनच्या अड्ड्यावर बांधून ठेवलेली हिरॉईन आता स्वतःच व्हिलनला बडवायला लागली. हे मोठंच पाऊल होतं. पण कणखरपणाचं माप मात्र जुनंच राहिलं : हिरोइतकं मारता येतं का?

२०१४ च्या ‘मर्दानी’मध्ये तर ते माप नावातच आहे. राणी मुखर्जीची शिवानी शिवाजी रॉय ही मुंबई क्राईम ब्रँचची अधिकारी. प्यारी नावाची मुलगी गायब होते आणि एकेक धागा धरत शिवानी मुलींच्या व्यापाराच्या मुळाशी पोचते. हा भाग अस्सल तपासाचा. शेवटी मात्र ती व्हिलनला हातांनी लोळवते आणि मुलींच्या ताब्यात देते. टाळ्या पडतात, पण कोर्ट-कचेरी बाजूलाच राहते.

२) बघणारे आणि बघणारी

‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) मधली क्लॅरिस (जोडी फॉस्टर) ही अजून एफबीआयची प्रशिक्षणार्थी, म्हणजे आपल्यासारखी विद्यार्थिनीच. सुरुवातीलाच ती लिफ्टमध्ये शिरते, तर आजूबाजूला सगळे तिच्यापेक्षा उंच पुरुष! पुढेही अनेक प्रसंगांत समोरचा माणूस थेट कॅमेऱ्यात बघतो. तिच्याकडे लोक कसे बघतात, हे दिग्दर्शक जोनाथन डेमी असं आपल्यालाच सोसायला लावतो.

आता तिची पद्धत बघा. मैत्रिणीबरोबर फाईल चाळताना तिच्या लक्षात येतं, की पहिल्या बळीचाच मृतदेह तेवढा वजन बांधून बुडवला होता. का? कारण खुनी तिला ओळखत असणार. मग ती त्या मुलीच्या गावी, ओहायोत जाते. तिथे कपाटातल्या ड्रेसची शिलाई पाहून तिला कळतं, की खुन्याला शिवणकाम येतं. तिकडे एफबीआयची शस्त्रसज्ज तुकडी इलिनॉयमध्ये रिकाम्या घरात घुसलेली असते! शेवटी अंधाऱ्या तळघरात क्लॅरिसचे हात थरथरतात, तरी ती मागे फिरत नाही. भीती वाटत असून काम पुरं करणं, हाही कणखरपणाच.

३) सात महिन्यांची गरोदर पोलीसप्रमुख

‘फार्गो’ (१९९६) मधली मार्ज (फ्रान्सिस मॅक्डॉरमंड) सिनेमाभर खात असते, गोड बोलते आणि जाड कोटात डुलत चालते. पण बर्फातल्या पावलांवरून ती सांगते, की मारेकरी दोघे, एक धिप्पाड आणि एक बुटका. खून झालेल्या पोलिसाच्या वहीत गाडीपुढे ‘डीएलआर’ लिहिलेलं असतं. सहकारी ही अक्षरं नंबर समजून शोधत बसतो. मार्ज म्हणते, अरे, हे ‘डीलर’चं लघुरूप असेल, गाडी शोरूमची आहे! आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून लगेच एक विनोद सांगते. क्लॅरिस आणि मार्ज, दोन्ही भूमिकांना ऑस्कर मिळालं.

४) उत्तर बरोबर, पुरावा शून्य

निशिकांत कामतच्या ‘दृश्यम’मध्ये (२०१५, मूळ मल्याळम २०१३) गोव्याची आयजी मीरा देशमुख (तब्बू) सगळ्यात हुशार. साक्षीदार खरं बोलताहेत, फक्त तारीख त्यांच्या डोक्यात नंतर पेरली गेली आहे, हे कोडं ती एकटी सोडवते. पण बेपत्ता मुलगा तिचाच! आईची तडफड वर्दीवर मात करते, चौकशीची मारहाण होते, लहान मुलीलाही सोडत नाहीत आणि तपास तिथेच हरतो. शेवटी ती नोकरी सोडते. इथे एक सवय दिसते : अधिकारी बाई असली, की कथालेखक केस तिच्या घरात नेऊन बांधतो.

निष्कर्ष

पुढचा थ्रिलर बघताना तीन प्रश्न विचारा. केस सुटते ती तिच्या विचाराने की तिच्या बुक्कीने? तिचं वैयक्तिक दुःख काढून टाकलं तर ती केस घेईल का? आणि तिला शाबासकी देताना पुरुषाची उपमा लागते का?

तिसरा प्रश्न फक्त सिनेमापुरता नाही. वर्कशॉपमध्ये एखादीने लेथवर जॉब नीट काढला, की ‘ही अगदी पोरासारखी आहे’ असं आपण कौतुकाने म्हणतो. म्हणजे काम तिचं आणि मार्क पोरांना! जॉब मापात बसला असेल, तर मोजायला व्हर्निअर पुरे.