सासूबाई जेवल्या का?

दुपारची वेळ होती. सून भांडी घाशीत होती. ओसरीवरून सासूबाई ओरडल्या, "सकाळपासून पोटात घास नाही. ही मला उपाशी मारते!"

शेजारणीने ते ऐकले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. अर्ध्या तासापूर्वीच तिने पिठलं-भाकरी वाढली होती. ती चिडून म्हणाली, "आत्ताच तर जेवलात! खोटं का बोलता?" सासूबाई रडू लागल्या. घरात भांडण पेटले.

खोटे कोण बोलत होते? कोणीच नाही.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला होता. हा मेंदूचा आजार आहे. यात मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी होतात. बहुधा ताजी आठवण आधी जाते. जुनी मागे राहते. म्हणून माहेरची विहीर आठवते, पण आत्ताचे जेवण आठवत नाही. हा म्हातारचळ नव्हे. करणी तर नव्हेच.

गावच्या आशाताई घरी आल्या. त्या म्हणाल्या, "वाद घालून आठवण परत येत नाही. 'भूक लागली का? थांबा, देते,' असं म्हणा. थोडं ताक द्या. मग माहेरची गोष्ट काढा. हाताला सोपं काम द्या. आणि डॉक्टरांना जरूर दाखवा. थायरॉईडचा आजार असला, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, तरी माणूस विसरतो. ते औषधानं सुधारतं. स्मृतिभ्रंश बहुधा बरा होत नाही, पण औषधानं काहींना थोडा आराम पडतो."

मुलगा ऐकत होता. तो म्हणाला, "आई माझी. मग सगळा भार हिच्यावरच का?"

त्या दिवसापासून संध्याकाळी तो आईजवळ बसू लागला. सून तेवढा वेळ बचत गटात जाऊ लागली. शेजारणीला त्याने स्वतः आजार समजावून सांगितला.

परवा सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "मला कुणी जेवायला दिलं नाही."

सून जवळ बसली. "देते हं, आत्याबाई. तोवर एवढा लसूण सोलू या का? तुमच्या माहेरी विहीर होती ना?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. "होती तर! गोड पाण्याची!"

दोघी लसूण सोलीत बसल्या. जेवणाची गोष्ट मागे पडली.

लक्षात ठेवा : आजार माणसाची आठवण नेतो. माया कळणे मात्र पुष्कळ दिवस टिकते. सांभाळणाऱ्यालाही विसावा हवा. म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारचा फुकट फोन आहे. त्याचा नंबर १४५६७.

सांगा पाहू :
१. सासूबाई खोटे बोलत होत्या का?
२. मुलाने कोणते काम वाटून घेतले?
३. तुमच्या घरी असे झाले, तर तुम्ही काय म्हणाल?