दोष कोपराचा आहे

चि. सई,

तुझा व्हिडिओ तीनदा ऐकला. गाणं बसलंय, पण आवाज बोदा येतो ही तुझी तक्रार खरी आहे. त्यासाठी कोआचं महागडं युकुलेले घ्यायचं, हे मात्र पटलं नाही. मदेइराहून 1879 साली होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज सुतारांनी हवाईच्या कोआ लाकडातच हे वाद्य घडवलं, त्याचा गोडवा मान्य. पण तुझा दोष लाकडाचा नाही, कोपराचा आहे.

नीट बघ. वाद्य पोटाशी असं कवटाळलंयस की मागची फळी हलायला जागाच नाही, आणि उजवा हात पुढच्या फळीवर रेललाय. तारा नुसत्या छेडतात गं, नाद काढतात त्या पातळ फळ्या. त्या दाबल्या की आवाज मेला. हात कडेवर टेकव, पाठ अंगापासून जरा सुटी ठेव. जमत नसेल तर पट्टा लाव, त्यात कमीपणा नाही.

शिवाय तू गिटारसारखं भोकावर वाजवतेस. तुझ्या सोप्रानोची तार जेमतेम 13-14 इंच. घोडीकडे सरकावं तसा आवाज कडक आणि किरटा होत जातो. मान पेटीला मिळते तिथे, बाराव्या पडद्याच्या आसपास वाजव. खाली जाताना तर्जनीचं नख, वर येताना बोटाचं मांस. (मी सतारीची नखी लावून बघितली होती. पहिला महिना फुकट गेला.)

डाव्या हाताने जीव खाऊन दाबतेस, म्हणून कॉर्ड बेसूर लागते. नायलॉनची तार मऊ, जास्त दाबली की स्वर चढतो. पडद्याच्या लगेच मागे बोट ठेव आणि खरखर थांबेल इतकंच दाब. अंगठ्याने मान आवळू नकोस.

नव्या तारा काही दिवस उतरतच राहतात, तेव्हा दर गाण्याआधी लावून घे. ‘जी’ स्वराची तार शेजारच्या ‘सी’ तारेपेक्षा उंच असते, ती चूक समजून खाली उतरवू नकोस. तंबोऱ्यातही तारा कुठे ओळीने चढत जातात? पावसाळ्यात वाद्य पिशवीत ठेव, भिंतीला टांगू नकोस.

रविवारी येताना तेच जुनं युकुलेले आण. तारांचा नवा जोड आणून ठेवलाय.

तुझा,
काका