रुग्णवाहिकेचे भाडे योजनेतून मिळते का?

प्रश्न : वडिलांच्या छातीत कळ आली म्हणून ऐरोलीहून वाशीला खासगी रुग्णवाहिकेने नेले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भाडे मिळेल का?

उत्तर : नाही. योजनेच्या पॅकेजमध्ये उपचार, औषधे, जेवण आणि घरी परतताना एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते. जीव मुठीत धरून रुग्णालय गाठण्याचा खर्च मात्र त्यात नाही, हे मला खटकते. त्यासाठी २०१४ पासून वेगळ्या सरकारी निधीतून १०८ सेवा चालते. ती मोफत असून गाडीत डॉक्टर असतो. गरोदर माता व आजारी बालकांसाठी १०२ आहे. वडिलांची स्वतंत्र मेडिक्लेम पॉलिसी असेल तर रुग्णवाहिकेची पावती दाव्याला जोडा. बहुतेक पॉलिसींत ठरावीक मर्यादेपर्यंत भाडे मिळते.