परसातील बदके आणि त्यांचे पाणी

बदक म्हटले की तळे आलेच, ही समजूत पुस्तकांतील चित्रांनी मुलांच्या आणि पुष्कळदा शिक्षकांच्याही मनात पक्की करून ठेविलेली आहे. बंगाल, आसाम किंवा केरळातील कुट्टनाड अशा पाणथळ प्रदेशांत ती खरीच आहे. कुट्टनाडात भाताची कापणी झाली की बदकांचे मोठे कळप शेतांत सोडतात आणि सांडलेले दाणे, गोगलगाई व किडे यांवर ते पोसले जातात. परंतु जेथे चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो, अशा गावांतही कोणी कोणी परसात चार-सहा बदके बाळगतात. तेथे या समजुतीमुळे दोन प्रकारची हानी होते. काही जण तळे नाही म्हणून विचारच सोडून देतात व कोंबड्यांच्या उथळ ताटलीवर बदकांची बोळवण करतात. काही जण त्यांना गावाच्या पाणवठ्यावर नेऊन सोडतात. पहिल्या प्रकाराने बदके आजारी पडतात, दुसऱ्याने माणसांचे पाणी बिघडते.

बदकाला पाणी नेमके कशासाठी लागते, हे वर्गात सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखविणे चांगले. ज्या विद्यार्थ्याच्या घरी बदके असतील तेथे सकाळी खाद्य घालण्याच्या वेळी मुलांना न्यावे आणि गप्प उभे राहून पाहू द्यावे. बदक खाद्याचा एक घास घेते, लगबगीने पाण्याकडे जाते, चोच बुडविते आणि पुन्हा खाद्याकडे वळते. कोरडा भरडा त्याला नीट गिळता येत नाही. जवळ पाणी नसेल तर तो घशात अडकून पक्षी गुदमरण्याचे भय असते. म्हणून खाद्य असेल तेथे पाणी हवेच, आणि रात्री पाणी काढून घ्यावयाचे असेल तर खाद्यही काढून घ्यावे.

यानंतर मुलांचे लक्ष चोचीच्या वरच्या बाजूस, मुळाकडे असलेल्या नाकपुड्यांकडे वेधावे. खाताना त्या भरड्याने लिंपल्या जातात. मग बदक डोके पाण्यात घालून फुंकर मारते, बुडबुडे येतात आणि नाक मोकळे होते. डोळेही त्याच बुडीत धुतले जातात. पाणी उथळ असेल तर नाकपुड्या चोंदतात व डोळ्यांच्या कडांना चिकट पापुद्रा धरतो. तो पाहून मालक औषध शोधीत फिरतो, वास्तविक उणीव असते ती काही बोटे खोल पाण्याची. मोठ्या बदकासाठी पाण्याची खोली १२ ते १५ सेंटिमीटर असावी. कंपासपेटीतील पट्टी १५ सेंटिमीटरांचीच असते. ती भांड्यात उभी धरून मुलांनी खोली मोजावी.

आंघोळीची गोष्ट थोडी निराळी आहे. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. अंग भिजले की बदक चोचीने तिच्यातील तेल घेऊन पिसांवरून फिरविते. पिसाचे बारीक तंतू एकमेकांत अडकून जी जाळी होते ती पाणी अडविते. तेल त्या जाळीला मऊ व शाबूत राखते. गळून पडलेली दोन पिसे घ्यावीत, एक तसेच ठेवावे व दुसरे साबणाने चोळून धुऊन वाळवावे, आणि दोहोंवर पाण्याचा एक एक थेंब सोडावा. मुलांना अधिक सांगावे लागणार नाही. याच कारणाने साबणाचे किंवा सोड्याचे सांडपाणी बदकांना आंघोळीसाठी कधीही देऊ नये. भाजी किंवा धान्य धुतलेले पाणी मात्र चालते. पोहण्याइतके पाणी मिळाले नाही म्हणून अंडी थांबतात, हेही खरे नाही. खाकी कॅम्पबेल व इंडियन रनर या जातींची बदके तळ्यावाचूनही चांगली अंडी देतात.

येथे गणिताचा तास जोडता येईल. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व १५ खोल अशा डोणीत २७ लिटर पाणी मावते. एक बदक दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून अधिक, आणि सांडते ते वेगळेच. तरी सहा बदकांना एवढी डोण पुरते. याच्या उलट, हौस म्हणून खणलेला एक मीटर लांब, एक मीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असा खड्डा भरण्यास ३०० लिटर, म्हणजे १५ लिटरांचे वीस हंडे लागतात. ते वीस हंडे कोण आणणार, हा प्रश्न वहीबाहेरचा असला तरी विचारण्याजोगा आहे; उत्तर देणारी मुलगी बहुधा त्याच वर्गात बसलेली असते. टंचाईच्या गावी आठवड्यातून दोनदा मोठ्या घमेल्यात आंघोळ घडली तरी पुरे, आणि अगदीच ओढ असेल तर डोके बुडेल अशी डोण तेवढी चुकवू नये.

पिण्याचे व आंघोळीचे पाणी निरनिराळे ठेवावे. बदक ज्या पाण्यात उतरते त्यातच विष्ठा टाकते. डोण खुराड्यात ठेवू नये, कारण अंथरलेला भुसा भिजून त्यावर बुरशी येते. ती बाहेर, सावलीत, दगडांवर किंवा बांबूच्या जाळीवर ठेवावी आणि सांडलेले पाणी चरातून केळीच्या वा अळूच्या आळ्यात सोडावे. हे खतपाणी केळीला चांगले मानवते. घमेले रिकामे करून कोरडे करण्यास आठवड्याहून अधिक विलंब होऊ नये. उन्हाळ्यात अंड्यापासून उडता डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. साचलेल्या पाण्यात काही मरून कुजले तर त्यात असे विष उत्पन्न होऊ शकते की बदकाची मान लुळी पडते.

पाणवठ्यावर बदके न नेण्याचे आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. या रोगाचे विषाणू बदकाच्या पोटात असूनही ते पुष्कळदा निरोगी दिसते आणि विष्ठेवाटे ते पाण्यात मिसळतात. तेव्हा हिवाळ्यात पाहुणी रानबदके उतरतात त्या तलावावर घरची बदके सोडू नयेत, आणि बदके किंवा डोण हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

पिलांविषयी विशेष जपावे लागते. खाकी कॅम्पबेल मादी क्वचितच अंड्यांवर बसते, म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवितात आणि २८ दिवसांनी पिले निघतात. कोंबडीच्या पंखाखालच्या या पिलांना बदकीच्या पिसांवरील तेल मिळत नाही. पाणी दिसताच ती त्यात शिरतात, त्यांची लव भिजते आणि गारठ्याने ती दगावतात; कोंबडी काठावर ओरडत राहते. पहिल्या दिवसांत त्यांना पसरट भांड्यात खडे पसरून, चोच भिजेल पण अंग भिजणार नाही, एवढेच पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांनी पिसे फुटू लागली की भर दुपारच्या उन्हात प्रथम दहा मिनिटे पाण्यात सोडावे आणि लगेच कोरड्या गवतावर घ्यावे.