शहरांतील गोंगाट व नगररचना

मोठ्या शहरांत विद्या, व्यापार व वैद्यकीय उपचार यांची सोय असते. परंतु गाढ झोंप व एकाग्र अभ्यास यांस लागणारी शांतता तेथें दुर्मिळ होते. पुष्कळांस वाटतें कीं, गोंगाट हें केवळ बेशिस्तीचें फळ होय. हें अंशतःच खरें आहे. नगराची रचनाच सदोष असेल, तर शिस्तीचे नागरिकही शांततेस मुकतात.

ध्वनीची पातळी डेसिबल या मापानें मोजतात. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते. भारतांतील २००० सालच्या नियमांनीं वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शांतता-क्षेत्रांत ती ५० व ४० आहे. परंतु नियमाची पाटी ध्वनीस अडवीत नाहीं. त्यास अंतर किंवा भिंतच आवरते. रहदारीच्या रस्त्यापासूनचें अंतर दुप्पट केलें, तर सुमारें ३ डेसिबल कमी होतात. भिंत मात्र अखंड हवी, व तिनें वाहन दृष्टीआड केलें पाहिजे. झाडांची एकच रांग सांवली देते, पण आवाज फारसा अडवीत नाहीं. मुंबईंत कांहीं उड्डाणपुलांच्या कडेस ध्वनिरोधक पडदे उभारले आहेत. तथापि वरच्या मजल्यांवरून रस्ता उघडा दिसत असल्यास तेथें त्यांचा उपयोग थोडा.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. मराठवाड्यांतील जुना वाडा पाहावा: रस्त्याकडे जाड भिंत व ढेलज, आंत चौक, आणि खोल्यांचीं तोंडें चौकाकडे.

हेंच तत्त्व सबंध गांवास लावतां येतें. माथेरानास येणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढें लोक पायीं किंवा घोड्यावरून जातात. थंड हवेच्या ठिकाणीं जें साधतें तें मोठ्या शहरांत कसें साधावें, अशी शंका येईल. स्पेनमधील बार्सिलोना शहरानें २०१६ सालीं पोब्लेनोऊ भागांत नऊ चौरस वस्त्यांचा एक गट केला. पार जाणारीं वाहनें भोंवतालच्या रस्त्यांनीं वळविलीं. आंतील रस्ते मंद गतीचे झाले.

युसूफ वडगांवासारख्या गांवांनीं यांतून काय घ्यावें? गांव वाढतांना शाळा व दवाखाना मोठ्या रस्त्यास लागून बांधूं नये. दुकानें रस्त्याकडे, राहतीं घरें मागें ठेवावीं. बांधलेलें शहर मोडून शांतता आणणें फार खर्चाचें. आंखणीच्या वेळीं ती राखणें सोपें. विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यांतील कोणी स्थापत्यकार, कोणी सरपंच होतील. नकाशावर पहिली रेघ ओढतांना आजारी माणसाच्या झोंपेचा व अभ्यासास बसलेल्या मुलाचा विचार त्यांनीं अवश्य करावा.