विंचूरचा भाव आणि लासलगावचा भाव : पुतणीला कानमंत्र

पोरी, विंचूर उपबाजार आणि लासलगावचं मुख्य आवार, दोन्हीकडे कांद्याचे भाव सारखेच असतात का, हे तू बेझच्या नॉनपॅरामेट्रिक रीतीनं तपासणार म्हणे. तपास की. पण आधी काकाचं थोडं ऐक.

१. किमान-कमाल-सरासरीच्या तक्त्यावर भागवू नकोस, गाडीगणिक लिलावाचे भाव मिळव – सरासरी भावानं कुणाचीच ट्रॉली खपत नाही.

२. आधी आलेख काढ – फेब्रुवारी-मार्चात लाल आणि उन्हाळ कांदा एकाच आवारात उतरतात, गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव आणखी निराळा. असे उंचवटे टी-टेस्टला दिसत नाहीत, तिचं लक्ष फक्त सरासरीवर.

३. भावांवर थेट डिरिख्ले प्रोसेस लादू नकोस – फर्ग्युसनची १९७३ची रीत देखणी खरी, पण तिच्यातून निघणारं वितरण सुट्या ठिपक्यांचं. इथे पोल्या ट्री बरी.

४. एकदा ही ट्री हातानं करून बघ. भावांची पट्टी मधोमध काप, प्रत्येक आवाराच्या किती गाड्या डावीकडे नि किती उजवीकडे ते मोज, मग प्रत्येक तुकडा पुन्हा काप. दर कापाला विचार, दोघांची वाटणी एकच धरली तर ही मोजणी अधिक पटते की वेगवेगळी धरली तर – या उत्तरांचा गुणाकार म्हणजेच होम्स आणि सहकाऱ्यांचा २०१५चा बेझ फॅक्टर. शिवाय फरक गोल्टीच्या टोकाला आहे की चांगल्या मालाच्या, तेही कळतं.

५. दर कापाच्या वाटणीवर जो बीटा प्रायर धरशील, त्याचे आकडे कापांच्या पातळीच्या वर्गानं वाढव, १, ४, ९ असे – दर पातळीला निम्मे केलेस तर डिरिख्ले मागच्या दारानं परत येतो.

६. त्या आकड्यांचा गुणक भाव बघण्याआधी वहीत लिही. नंतर दहापट आणि दहावा हिस्सा करून पुन्हा चालव – बेझ फॅक्टर प्रायरच्या बाबतीत फार हळवा. चाळणी आधी, कांदा मग.

७. फॅक्टर दोन-अडीच आला म्हणून गावभर सांगत सुटू नकोस – जेफ्रीजच्या लेखी तिनापर्यंतचा पुरावा जेमतेम उल्लेखापुरता. त्याच जेफ्रीजकडे केंब्रिजला शिकलेल्या हुजुरबाजारांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला, म्हणजे ही विद्या तशी घरचीच.

८. ‘भाव सारखेच’ असं निघालं तर हिरमुसू नकोस – सारखेपणाच्या बाजूनं पी-व्हॅल्यू साक्ष देत नाही, बेझ फॅक्टर देतो.

९. शेकडो गाड्यांना शेकडो साक्षीदार समजू नकोस – ही गणितं गाड्या स्वतंत्र धरतात, पण लिलावात एक बोली आधीच्या बोलीकडे बघून लागते, आणि डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीसारखी बातमी आली की दोन्ही आवारं एकदम हलतात. एकाच दिवसाचे, एकाच जातीचे भाव समोरासमोर ठेव, आणि ज्या दिवशी एका आवाराला सुट्टी, तो दिवस सरळ गाळ.