फ्रेंच व्हॉल्व्ह आणि काळी माती

लोणारच्या पंक्चरवाल्याने चाक हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि पंप खाली ठेवला. "भाऊ, ह्याच्यात आपला पंप बसत नाही." माझ्या सायकलच्या ट्यूबला तो बारीक, निमुळता व्हॉल्व्ह होता, ज्याला सायकलवाले 'फ्रेंच व्हॉल्व्ह' म्हणतात. आपल्याकडचा साधा पंप त्याला चालवायचा तर मध्ये करंगळीच्या पेराएवढी पितळी टोपी बसवावी लागते. ती मी घरी विसरलो होतो असंही नाही. अशी काही टोपी लागते, हेच मला ठाऊक नव्हतं. आमचा स्वतःचा छोटा पंप आदल्या संध्याकाळी चिखलात मोडला होता.

या फजितीची सुरुवात मात्र घरातल्या सोफ्यावर झाली. दक्षिण फ्रान्समधल्या कॅनाल द्यु मिदीचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहत असे. सतराव्या शतकात खोदलेला सुमारे २४० किलोमीटरचा कालवा, काठाने सपाट वाट, डोक्यावर झाडांची सावली, थोड्या थोड्या अंतरावर गाव आणि पावाचं दुकान. त्यात मी नुकतीच २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केली होती. ब्रेव्हे हा शब्दही फ्रेंचच. म्हटलं, फ्रान्स कशाला? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, लोणार आहे, सिंदखेडराजा आहे. शेगावहून बुलढाणा, दुसऱ्या दिवशी चिखली-मेहकरमार्गे लोणार. दीडशे किलोमीटरच्या आसपास, दोन दिवस. ऑक्टोबरचा मध्य. सोबत मेव्हणे.

शेगावला दर्शन, मग स्टेशनजवळ गरम कचोरी, मग आणखी एक. निघायला नऊ वाजले. खामगाव सोडलं तेव्हा ऊन तापलं होतं आणि समोर घाट होता.

बुलढाण्यात कुणालाही विचारा, जिल्हा दोनच शब्दांत सांगतील: घाटावर आणि घाटाखाली. शेगाव, खामगाव, नांदुरा, मलकापूर ही पूर्णेच्या खोऱ्यातली, तापणारी, सपाट गावं. बुलढाणा, चिखली, मेहकर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर. मधला चढ साडेतीनशे मीटरच्या आसपास. आकडा मोठा नाही, पण खामगावहून बुलढाण्याला जाणारा बोथ्याचा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे टपरी नाही, हॉटेल नाही, हापसा नाही. दोघांत मिळून दोन बाटल्या होत्या, त्या अर्ध्या चढावर संपल्या. मेव्हण्यांच्या पोटरीत गोळा आला. "भाऊजी, तुमच्या फ्रान्सात असं होते का?" त्यांनी रस्त्यावर बसूनच विचारलं. एका एसटीच्या चालकाने गाडी थांबवून पाण्याची बाटली दिली, म्हणून आम्ही वर पोहोचलो. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून याच जंगलात आला होता. पाणी कुठे आहे हे त्याने आमच्यापेक्षा नीट पाहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी चिखलीच्या पुढे सोयाबीनने गाठलं. हे सोंगणीचे दिवस. वावरात सुड्या लागलेल्या, मळणी यंत्रांचा धुरळा, आणि रस्त्याची एक बाजू वाळत घातलेल्या दाण्यांनी पिवळी झालेली. मेव्हण्यांना वाटलं, कडेने हळूच काढू. पुढचं चाक दाण्यांवर गेलं आणि पाटावर गोट्या सांडाव्यात तसं खालून निसटलं. कोपर सोललं, हँडल वाकडं झालं. दाणे झाडून घेणाऱ्या बाईंनी आधी त्यांना उठवलं आणि मग फडा हातात दिला. विखुरलेलं सोयाबीन आम्ही दोघांनी गोळा केलं.

खरी चूक मेहकरच्या पुढे झाली. दुपारी परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली होती. फोनमधल्या नकाशाने लोणारला जायचा सहा किलोमीटर वाचवणारा रस्ता दाखवला. मी वळलो. तो पांदण रस्ता होता. पहिली शंभर पावलं ठीक, मग काळी माती चाकाला धरायला लागली. ती नुसती चिकटत नाही, थरावर थर चढते. चाक आणि मडगार्डच्या फटीत ती इतकी गच्च बसली की चाक फिरेना. काडीने काढा, दहा पावलं चाला, पुन्हा तेच. बूट शेर-शेराचे झाले. सायकल खांद्यावर घेताना पंप निसटला आणि मेव्हण्यांच्या पायाखाली आला.

बैलांना घेऊन घरी निघालेले एक आजोबा बांधावर थांबले. "काहून वळले भाऊ इकडं? पावसानंतर या पांदणीनं बैलगाडी जात नाही, तं सायकल कशी जाईन?" उत्तर नव्हतं. त्यांनी बांधाच्या गवतावरून चालायला सांगितलं, कारण गवतावर माती धरत नाही. डांबरी रस्ता लागेपर्यंत अंधार पडला. पण गवतात सराटे होते. लोणारला रात्री झोपलो तेव्हा चारही चाकांत हवा होती. सकाळी तीन बसली होती.

तर, जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

महिना निवडताना पीक पाहा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि सोयाबीन एकत्र येतात. मार्चनंतर घाटाखाली ऊन सोसवत नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत रस्ते मोकळे, हवा गार. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीची मोठी गर्दी असते. ती पाहायचीच असेल तर राहायची सोय आधी करा, नाहीतर तो आठवडा टाळा.

घाट सकाळी नऊच्या आत चढून संपवा. माणशी तीन लिटर पाणी, सोबत मीठ-साखर, आणि बाटल्या शेवटच्या गावात भरून घ्या. अभयारण्यात अस्वलं आहेत. अंधार पडताना किंवा पहाटेच्या काळोखात तिथून एकट्याने जाऊ नका.

डांबर सोडू नका. नकाशा अंतर दाखवतो, माती दाखवत नाही. पाऊस पडून गेला असेल तर फोनला न विचारता पारावरच्या माणसाला विचारा. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजाच्या जवळून जातो, कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर सायकलला आणि दुचाकीला मनाई आहे. मलकापूर-नांदुरा-खामगाव हा राष्ट्रीय महामार्ग ट्रकांचा, तोही शक्यतो टाळलेला बरा.

टायर जाड घ्या, मडगार्ड काढून ठेवा, दोन जास्तीच्या ट्यूब आणि पंक्चरचं सामान जवळ बाळगा. सराटा बसला असेल तर टायर आतून बोटाने चाचपून प्रत्येक काटा काढा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. आणि ती पितळी टोपी. मी आता ती किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवली आहे.

त्या सकाळी पंक्चरवाल्याने मुलाला गावात पिटाळलं. तासाभराने कुणाकडून तरी टोपी मिळाली. तोवर आम्ही लोणारच्या विवराच्या काठावर जाऊन बसलो. सुमारे १.८ किलोमीटर रुंद वाटी, तळाशी खारट हिरवं पाणी. काठावर चहा पिताना एका वारकरी काकांशी बोलणं झालं. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी सिंदखेडराजा, बीबी, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव अशी शेगावला जाते. ते तिच्यात अनेकदा चाललेले. आमची दोन दिवसांची योजना ऐकून ते हसले नाहीत, फक्त बोटांवर मुक्काम मोजू लागले: इथे शाळा, इथे विहीर, इथे चिंचेची सावली. किलोमीटर त्यांनी एकदाही सांगितला नाही.

पुढच्या डिसेंबरात आम्ही त्यांच्याच यादीने निघालो, चार दिवस लावले. फ्रान्समध्ये कालव्याच्या काठी जे झाडं आणि जलद्वारं करतात, ते इथे पालखीच्या मुक्कामांनी आधीच करून ठेवलं आहे. मेव्हण्यांनी या वेळी एकच अट घातली होती: कचोरी शेवटच्या दिवशी, शेगावला पोहोचल्यावर.